डबडीची बाजू

दुपारची भांडी घासून उपडी पडली, सासूबाई शामकलाबाई ओसरीवर कलंडल्या आणि लेक मोनू एकदाची झोळीत गप्प झाली, की गुंजन मागच्या दारात बसून भांडायला मोकळी व्हायची.

भांडण गाड्यांचं. आणि गाड्या तरी कोणत्या, तर भांडणाऱ्यांपैकी एकानंही कधी हात लावून न पाहिलेल्या. एजंट नीलकंठ नावाच्या गुप्तहेराचे सिनेमे होते. सात भाग येऊन गेले होते, आठव्याची नुसती हवा होती. दर भागात नीलकंठची मिशी तीच, शत्रू साधारण तोच, गाडी मात्र नवी. गोंदियात मोबाइल दुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या छोटेलालनं 'नीलकंठ का गॅरेज' नावाचा ग्रुप काढला होता आणि सगळ्यात भारी गाडी कोणती, हा एकच प्रश्न त्या ग्रुपवर वर्षभर दळला जात होता. पीठ काही पडत नव्हतं. जातं थांबावं असं कुणाला वाटतही नव्हतं.

गाड्यांची खरी नावं विलायती आणि जीभ वळणार नाही अशी. म्हणून ग्रुपनं आपली नावं ठेवली. पहिल्या भागातली लांबलचक राखाडी, वर लाल टप असलेली, ती 'सारस'. तिसऱ्यातली रस्त्यावरून थेट नदीत उतरणारी, तिचं नाव 'डोंगा', कारण आपल्याकडे नावेला डोंगाच म्हणतात. पाचव्यातली दिव्यांतून रॉकेट सोडणारी 'काळी'. आणि चौथ्या भागातली ती लहानशी निळी, एका बाजूनं पोचा आलेली. तिचं बारसं आमगावच्या केवलरामनं केलं होतं. 'डबडी'.

गुंजन डबडीच्या बाजूची होती. अख्ख्या ग्रुपात एकटीच.

"ओमेशभाऊ, तुमच्या डोक्यात भुसा आहे का कोंडा?" केवलराम विचारायचा. तो शाळेच्या पोरांची व्हॅन चालवायचा आणि गाडी या विषयावर आपल्यापुढे कुणी बोलू नये असं त्याचं मत होतं. "डबडीत काय आहे? रॉकेट नाई, मशीनगन नाई, धड वायपर नाई."

"भुसा," गुंजन टाइप करायची. "कोंडा तं तुमीच घेऊन गेले."

"अरे बाप रे," छोटेलाल मध्ये पडायचा. "केवल भाई, धो डाला तुमको."

दरेकशाच्या लखनला गावात रेंज मिळत नसे. तो स्टेशनावर आला की एकदम वीस मेसेज टाकून डोंग्याचा जयजयकार करायचा आणि त्याच्या मागे सगळे लागायचे. गुंजन पदराचा बोळा तोंडात धरून हसायची, कारण मोठ्यानं हसलं तर मोनू उठेल.

ओमेश हे तिच्या नवऱ्याचं नाव. तो हैदराबादेला कारखान्यात लागला तेव्हा कंपनीनं त्याला नवा नंबर दिला आणि जुना फोन, जुन्या नंबरासकट, घरात राहिला. त्यावर फोटोही त्याचाच, मोटारसायकलवर काळा चष्मा लावलेला. ग्रुपची लिंक गुंजनच्या भावानं, कामठ्याच्या दुर्गेशनं पाठवली होती. लग्नाआधी दोघं बहीणभाऊ एका ताटात मुरमुरे घेऊन नीलकंठचे सिनेमे बघत. दुर्गेश आठवड्यात कंटाळून ग्रुपमधून निघून गेला. गुंजन राहिली. पहिल्या दिवशी कुणीतरी "आओ ओमेशभाऊ" म्हणालं, तिनं दुरुस्त केलं नाही. मग दुरुस्त करायला उशीर झाला. "आवाजात बोला की जी," असं कुणी म्हटलं तर ती लिहायची, माइक खराब आहे.

घरात तिला कुणी त्रास देत होतं असं नाही. मामाजी, म्हणजे दुलीचंद, तिचे सासरे, तिच्याशी मऊच बोलायचे. आत्याबाई, म्हणजे शामकलाबाई, ताटात भाजी कमी पडली तर आपली तिच्याकडे सरकवायच्या. पण दिवसभर जे बोलणं व्हायचं ते सगळं कामाचं. पाणी भरलं का. पोट्टी जेवली का. दळण आणलं का. या प्रश्नांना हो आणि नाई एवढीच उत्तरं असतात. संध्याकाळी ओमेशचा फोन यायचा.

"जेवली का?"

"हो."

"मोनू झोपली?"

"आता झोपन."

"आनखी?"

"आनखी काई नाई."

मग दोघंही थोडा वेळ एकमेकांचा श्वास ऐकायचे, त्याच्या बाजूला कुणाच्या तरी मोबाइलवर गाणं चालू असायचं, आणि तो म्हणायचा, ठेवू का? तो वाईट नव्हता. थकलेला होता. पण 'तुमाले काय वाटते?' असं तिला अख्ख्या जगात फक्त केवलराम विचारायचा, आणि तिनं सांगितलं की ते खोडून काढायला जिवाचं रान करायचा. आपलं म्हणणं कुणाला तरी खोडून काढावंसं वाटतं, याचं सुख त्या मागच्या दारात बसल्याबसल्या तिला कळलं होतं. ते जाऊ नये, एवढंच तिला हवं होतं.

दिवाळी झाली आणि मंडईचे दिवस आले. आपल्याकडे भाऊबीजेनंतर गावागावाला मंडई भरते. दंडार नाचते, मिठाईची दुकानं लागतात, पाळणे येतात, आणि घराघरात पाहुणे. मंडईचं बोलावणं ज्याला त्याला द्यायचंच असतं. बसमध्ये शेजारी बसलेल्यालाही उतरताना 'येजा जी मंडईले' म्हणायचं. न म्हणणारा माणूस कंजूष ठरतो. म्हटलं म्हणून सगळे येतात असं नाही. ग्रुपवरही आमगावची मंडई, तिरोड्याची मंडई, दरेकशाची मंडई अशी बोलावणी पडू लागली. गुंजनच्या बोटांनी आपोआप लिहिलं, 'सोमवारी सौंदडची मंडई आहे. सर्वांनी येजा.' लिहिलं आणि ती भाजी फोडणीला टाकायला उठली. पुन्हा तिच्या मनातही आलं नाही.

ओमेशला सुट्टी मिळाली नाही. "पुढच्या वर्षी नक्की," तो म्हणाला. "मोनूले पाळन्यात बसव."

सोमवारी सकाळपासून घरात उडदाच्या बड्यांचा, म्हणजे वड्यांचा, घाणा चालू होता. दुपारी नणंद आणि तिची पोरं मंडईत पळाली, जाताना मोनूलाही घेऊन गेली. दुरून दंडारीची ढोलकी ऐकू येत होती. गुंजन कढईपाशी घामानं निथळत होती तेवढ्यात ओसरीवरून मामाजींनी हाक दिली.

"गुंजन, च्या टाक वं. ओमेशचे दोस्त आले."

ओमेशचे दोस्त म्हणजे गावातली पोरं, असं समजून तिनं चहा टाकला. मग बाहेरून एक आवाज आला. जाड, थोडा बसका, दर वाक्याच्या शेवटी वर चढणारा.

"मी केवलराम जी. आमगावचा. आन हे छोटेलाल, गोंदियाचे."

गुंजनच्या हातातली साखर चुलीवर सांडली. तो आवाज तिनं वर्षभर फोन कानाला लावून ऐकला होता.

"बसा, बसा," मामाजी म्हणत होते. "पन ओमेश तं हैदराबादले आहे."

"हैदराबाद?" छोटेलाल म्हणाला. "पर चाचाजी, उसी ने तो बुलाया. मंडई में आओ बोलके."

"म्हनला असन. मंडईले कोन कोनाले नाई म्हनते?" मामाजी हसले. "तुमी आले, लय चांगलं झालं. ओमेश नाई तं त्याचा बाप आहे."

गुंजन दाराआड उभी राहिली. पडद्याच्या फटीतून तिला दोघं दिसले. केवलराम तिनं कल्पना केली होती त्यापेक्षा बराच बुटका निघाला. छोटेलालनं इस्त्रीचा शर्ट घातला होता आणि हातात पेढ्यांचा पुडा होता. इतक्या लांबून भांडायला आलेली माणसं. तिला रडू येईल असं वाटलं, आणि हसूही.

"तुमची ओळख कशी झाली म्हना?" मामाजींनी विचारलं.

"गाड्याइवरून," केवलराम म्हणाला. "तुमचा पोरगा लय हट्टी आहे जी. म्हनते, डबडीच सगळ्यात भारी. मी किती समजावून राहिलो."

"डबडी म्हंजे?"

मग केवलरामनं मामाजींना डबडी समजावली. समजावता समजावता सारस आली, काळी आली, आणि छोटेलालला काळीबद्दल वावगं ऐकवेना.

"देखो केवल भाई, काली के सामने तुम्हारी सारस बैलगाड़ी है."

"बैलगाडी? सारस चालली तं रस्ता बाजूले होते! काळी तं एका गोळीत भंगार झाली. विसरले का?"

"वो गद्दारी थी! ब्रेक काटा था किसी ने!"

"ज्या गाडीचा ब्रेक कापता येते ते कायची जासूसाची गाडी?"

मामाजी मान हलवत दोघांकडे आळीपाळीनं बघत होते, बैल पारखायला बसल्यासारखे. गुंजनच्या हातातल्या ट्रेमध्ये चहावर साय धरली होती. सारसचं टायर तिसऱ्याच प्रसंगात फुटतं हे दोघंही विसरले होते. तिच्या जिभेच्या टोकावर होतं. ती आत जीभ चावून उभी.

"ओमेशभाऊ असते तं आता मधातच बोलले असते," केवलराम म्हणाला. "मजा नाई येत त्याच्याबिगर."

हे ऐकून गुंजनला इतकं बरं वाटलं, की मामाजी पुढे काय करताहेत ते तिच्या लक्षात येईपर्यंत उशीर झाला. पाहुण्यांचा हिरमोड होऊ नये म्हणून त्यांनी आपल्या फोनवरून लेकाला लावला होता. आवाज मोठा करून त्यांनी तो फोन तक्क्यावर ठेवला.

"ओमेश, तुझे दोस्त आले पाय. केवलराम आन छोटेलाल."

"कोन?" ओमेशचा आवाज कारखान्याच्या घरघरीतून आला.

"अरे भाई, गॅरेजवाले! नीलकंठ!" छोटेलाल ओरडला.

ओमेश भल्या मनाचा. घरी आलेल्या पाहुण्याला 'मी तुला ओळखत नाही' म्हणणं त्याला जमणं शक्यच नव्हतं.

"हो हो, बोला ना जी. आले का? बरं झालं."

"मी इथं तुमच्या वडिलायले डबडी समजावून राहिलो," केवलराम म्हणाला. "आता तुमीच सांगा, कोनती गाडी भारी?"

"गाडी?" ओमेश चाचपडला. "नीलकंठची ना? ते... काळी. रॉकेटवाली. तेच भारी."

छोटेलालनं मांडीवर थाप मारली. केवलराम मात्र हसला नाही. तो पुढे वाकला.

"काळी? मंग वर्षभर डबडीसाठी माझं डोकं खाल्लं ते?"

"अरे, ते काई नाई जी," ओमेश हसला. "ते तं टाइमपास."

दाराआड गुंजनला कुणीतरी जोरात ढकलल्यासारखं झालं. तिचं नाव नव्हतं, चेहरा नव्हता, आवाज नव्हता, ते सगळं तिला चालत होतं. पण तिनं विचार करकरून, मोनूला थोपटत थोपटत, वाक्यं मनात जुळवून जे मांडलं होतं, ते एका हसण्यासरशी वाहून चाललं होतं. आणि केवलरामचा चेहरा पडला होता. त्याच्याशी वर्षभर कुणीतरी खरं भांडलं होतं, हे त्यालाही खोटं वाटू लागलं होतं.

ती बाहेर आली. ट्रे खाली ठेवला.

"टाइमपास नव्हता," ती म्हणाली.

सगळ्यांनी वर पाहिलं. फोनमध्येही घरघरच उरली.

"चौथ्या भागात नीलकंठ तीन वर्षांनी आपल्या गावी येते," गुंजन म्हणाली. ती कुणाकडेच बघत नव्हती, पेढ्यांच्या पुड्याकडे बघत होती. "घरासमोर डबडी उभी करते. घरात दिवा लागून आहे, बायको आत फिरताना दिसते. त्याले आत जाता येत नाई, गेला तं तिच्या जिवावर येईन. तो इंजिन बंद करते आन सकाळपर्यंत बसून राहते. बाकीच्या गाड्याइत तो पळते. डबडीत तो बसते. थंडीनं काचेवर दव बसते तं तो खिडकीतून हात काढून बाहीनं पुसते, आन परत पाहते. म्हनून वायपर नाई तिले. वायपर असता तं त्यानं हात कायले लावला असता?"

बोलून झालं.

"वहिनी..." छोटेलाल म्हणाला आणि उभाच राहिला. "मतलब, आप..."

केवलरामही उठला. त्यानं दोन्ही हात जोडले. बहुतेक त्याला भुसा आणि कोंडा आठवला असावा, कारण त्याचे कान लाल झाले. "माफ करजा वहिनी. आमाले काय मालूम. आमी काई बी बोलून गेलो."

"तसं नाई जी, तुमी बोला ना," गुंजन म्हणाली. "सारसचं टायर तिसऱ्याच..."

"नाई, नाई. तुमचं बरोबर आहे. डबडी चांगलीच आहे."

डबडी चांगलीच आहे! वर्षभरात जे त्याच्या तोंडून काढता काढता तिची बोटं झिजली, ते त्यानं असं देऊन टाकलं, बसमध्ये बाईमाणसाला जागा द्यावी तसं. नंतर दोघांनी बडे खाल्ले, मान खाली घालून, चांगले झाले म्हणत. पाऊसपाण्याबद्दल बोलले. उशिरा येणारं भारी धान अजून बांध्यांत उभं आहे, कापणीला माणूस मिळत नाही, हे बोलले. दंडार न बघताच गाडीची वेळ झाली म्हणून निघाले.

घरात कुणी ओरडलं नाही. मामाजी पान लावत म्हणाले, "पाहुने चांगले होते." आत्याबाई कढईपाशी बसून होत्या. त्या एवढंच म्हणाल्या, "मानसाइच्या मंधात कायले जावं लागते वं?" आणि मग जरा थांबून, "मंग त्या बायकोले समजलं का, तो बाहीर बसून होता म्हून?"

"नाई समजलं."

"हं," आत्याबाई म्हणाल्या आणि त्यांनी बडा उलटला.

संध्याकाळी ओमेशचा फोन आला.

"माझ्या नावानं बोलत होती. मले सांगतलं काऊन नाई?"

"तुमी विचारलं नाई."

"काय विचारू? कोनती गाडी आवडते म्हनून?"

"हो."

त्याच्या बाजूचं गाणं आज बंद होतं. "बरं, सांग," तो म्हणाला. "काऊन आवडते?"

तिला सांगावंसं वाटलं. पण दुपारी सगळ्यांसमोर सांगून झालं होतं, फोनमधून त्यानंही ऐकलं असणार. आता पुन्हा सांगायचं म्हणजे उरलेलं अन्न गरम करून वाढायचं. "मंग सांगीन," ती म्हणाली. "तुमी जेवले का?"

दुसऱ्या दिवशी दुपारी ती मागच्या दारात बसली. ग्रुपवर छोटेलालनं हात जोडून लिहिलं होतं, 'हमारे ग्रुप में गुंजन वहिनी का स्वागत है. सब भाई लोग भाषा संभालके.' त्याखाली फुलांचे गुच्छ, नमस्कार, सुप्रभात. लखननंही स्टेशनावरून 'प्रणाम वहिनी' पाठवलं होतं. एवढंच पाठवलं होतं.

तिनं स्वतःचं नाव घातलं, फोटो म्हणून मोनूचा लावला, आणि सारसच्या टायरचा मुद्दा टाकला. अंगठे आले. 'सही है वहिनी.' 'एकदम बरोबर.' तिनं डबडीबद्दल लिहिलं. अंगठे आले. चारदोन दिवसांत तिच्या ध्यानात आलं, की आता ते आपापसातही भांडत नव्हते. केवलरामनं कुणाला भुसा म्हटलं नव्हतं. छोटेलालनं कुणाला धुतलं नव्हतं. घरात बाई आली की बिडी विझवून बसतात तशी सगळी मंडळी नीट बसली होती, आणि ती आली नसती तर बरं झालं असतं, हे कुणी म्हणणार नव्हतं.

शेवटी तिनं मुद्दाम लिहिलं, 'विचार केला तं वाटते, डोंगा सगळ्यात भारी.'

डोंगा! ज्या गाडीच्या सायलेन्सरमधून मासा निघतो. लखन सोडला तर त्या डोंग्याला या ग्रुपात कुणी कधी माफ केलं नव्हतं. ती वाट बघत बसली. परसात कोंबडी शेणकूट उकरत होती. झोळी आपोआप थोडी हलत होती.

अंगठा. अंगठा. 'वाह वहिनी.' केवलरामचे जोडलेले हात.

गुंजननं फोन मांडीवर पालथा ठेवला. मग सरळ केला, आणि आजवर जे कधी केलं नव्हतं ते केलं. आवाजाचं बटण दाबून धरलं.

"केवलरामभाऊ," ती हळू म्हणाली, झोळीकडे बघत. "मी कोनी मोठी नाई जी. तुमच्या लहान बहिनीसारखी असन. डोंगा भिकार आहे, तुमाले मालूम आहे, मले बी मालूम आहे. मंग हात कायले जोडता? पह्यलेसारखं भांडा ना. मले दुसरं कोनी नाई भांडाले."

शेवटचं वाक्य तिनं म्हणायचं ठरवलं नव्हतं. पण बोट उचललं गेलं होतं, आवाज निघून गेला होता.

त्यानं ऐकला, हे दिसलं. उत्तर आलं नाही. मोनू उठली. तिला पाजलं, तिच्या कपाळावरचा घाम पुसला, आत्याबाईंसोबत अंगणात वाळायला घातलेलं धान फिरवलं. पाय धानात ओढत ती एका टोकाहून दुसऱ्या टोकाला गेली आणि परत आली, आणि दर खेपेला ओट्यावरच्या फोनकडे न बघायचा प्रयत्न केला.

धान भरून झाल्यावर बघितलं तर केवलरामचं उत्तर होतं. आवाजात नव्हतं, लिहिलेलं होतं. तीनच शब्द.

'असं नसते वहिनी.'

गुंजननं ते पुन्हा वाचलं. हे कशाला म्हटलं, डोंग्याला की तिच्या बोलण्याला, ते त्यानं लिहिलं नव्हतं. पण 'असं नसते' म्हणजे नकार होता. या आठवड्यात तिला कुणी दिलेला पहिलाच. त्याच्यापुढची ती 'वहिनी' तेवढी आडवी येत होती.

मोनूला कडेवर घेऊन तिनं एका हातानं टाइप करायला सुरुवात केली. 'कसं नसते?'